मधलं पाणी

उदगीरच्या चौबाऱ्यामागे तिसऱ्या गल्लीत
मकदूम मिस्त्रीचं दुकान,
दार एक, फळ्या चार,
आत पोट उघडून पडलेले रेडिओ.
मी सातवीत. माझं काम तार धरायचं.
पत्र्यापासून कडुनिंबापर्यंत गेलेली तांब्याची तार
वाऱ्यानं निसटली, की तिच्या जागी मी.
मी धरलं की दूरदेशची बाई नीट बोलायची,
सोडलं की नुसतं तळण.
"हलू नको शरणू. तू आत्ता अँटेना हैस."

एवढ्या लांबून येतं कसं, मी विचारलं.
मिस्त्री मला तळ्यावर घेऊन गेले,
एक चपटी खापरी उचलली, कमरेत वाकले
आणि पाण्यावर पाच भाकऱ्या काढल्या.
"असं. फक्त तळं वर हाय, उलटं टांगलेलं.
आवाज त्याला लागतो, खाली येतो,
जमिनीला लागतो, परत वर.
दिवसा मधेच एक तापलेला थर असतो,
लांब लाटा पिऊन टाकतो मेला.
सूर्य बुडाला की तो विरतो.
म्हणून दिवसा पंचवीस मीटर, रात्री एकोणपन्नास."
शाळेच्या पुस्तकात त्याला आयनांबर म्हणत,
आणि त्यावर दोन मार्कांचा प्रश्न असे.

मग पाण्याकडं बघत म्हणाले,
"खापरी जिथं टेकली तिथंच पाणी हललं.
मधल्या बेडकांना पत्ताच नाही
डोक्यावरून काय गेलं ते."

बिदरला त्यांचा धाकटा भाऊ, निजामोद्दीन.
त्याचंही रेडिओचंच दुकान.
अब्बांचा जपानी मीटर कुणाचा, यावरून
नऊ वर्षं बोलणं बंद.
बिदरची एसटी दुकानासमोरून जायची,
मिस्त्री तेव्हा डिंक लावत, डाग देत,
काहीही करत, फक्त मान वर नाही.

दर महिन्याला मी त्यांच्यासाठी अहवाल लिहायचो.
तारीख, वेळ, मीटर,
आवाज किती, खरखर किती, चढउतार किती,
तीन-चार-तीन-तीन-तीन,
मग निळं हवाई टपाल
एका बर्फाळ देशाच्या हिंदी खात्याकडं.
ती बाई रविवारी पत्रं वाचायची.
एका रविवारी वाचलं :
बिदर से निजामोद्दीन साहब लिखते हैं,
आवाज़ बहुत कमज़ोर आती है.

मिस्त्रींच्या हातातला सोल्डर थांबला.
गरम थेंब बाकावर पडला, गोल, चकचकीत.
"येड्यानं तारेचं टोक वायव्येला केलं असणार.
आवाजाला टोक नाही दाखवायचं. कूस दाखवायची."
कुणाला म्हणाले कोण जाणे.
मग मला : "लिही."

मी लिहिलं. बिदरच्या श्रोत्याला सांगावं,
तार ईशान्येकडून नैऋत्येला बांधा,
चिनी मातीचे इन्सुलेटर लावा, दोरी नको.
पत्र सत्तर किलोमीटर जायचं होतं.
ते समुद्र ओलांडून गेलं,
बर्फात कुणीतरी फोडलं,
आणि सात आठवड्यांनी आकाशाला दोनदा-तीनदा लागून
आमच्यावर पडलं, आणि बिदरवरही,
एकाच क्षणी.

पुढं पावसाळी गडगडाटाचे महिने, काही लागेना.
दिवाळीनंतर एका रविवारी
मी पुन्हा तार धरून उभा,
पायाखाली गार फरशी, दंडाला मुंग्या.
बाई म्हणाली, बिदर के श्रोता लिखते हैं
कि अब चार-चार-चार आता है,
और उदगीर के श्रोता से पूछते हैं
कि उनका मीटर ठीक चल रहा है न.
ती जरा हसली.
लगता है आप दोनों पड़ोसी...

आणि आवाज बुडाला.
दोन वाटांनी आलेल्या लाटा कधी कधी
एकमेकींनाच खाऊन टाकतात.

मी हात वर केला, कूस बदलली, एका पायावर उभा राहिलो.
मिस्त्री म्हणाले, "राहू दे. सोड."
फळीवरचा जपानी मीटर काढला,
फुंकर मारली,
आणि उगाच, कुठंच न जोडता,
त्याच्या काट्याकडं बघत बसले.